पाचवा ठिपका

ठिपकेमावशीला छापखान्यात लागून चौतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात तिनं तपासलेल्या पुस्तकाबद्दल एकही तक्रार आली नव्हती. हे ती स्वतः कधी बोलून दाखवायची नाही. तिला गरजच नव्हती, कारण बाकीचे सगळे ते तिच्या वतीनं बोलून दाखवायचे. नवा माणूस कामावर आला की त्याला आधी पिण्याच्या पाण्याची जागा दाखवत, मग बांधणीचं टेबल, आणि मग खिडकीजवळ बसलेली मावशी. "ह्या आमच्या मावशी. ह्यांच्या बोटाखालून चूक निसटत नाही." मावशी मान न वळवता म्हणायची, "चूक निसटत नाही, चहा मात्र रोज निसटतो. आजचा कुठं अडकलाय?"

छापखाना अंधांच्या पुस्तकांचा होता. इथं शाई नव्हती. जाड कागदावर उठावाचे ठिपके उमटत, आणि वाचणारा ते बोटानं वाचत असे. एका अक्षराला जागा सहा ठिपक्यांची. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. कुठले ठिपके वर आले आणि कुठले सपाट राहिले, यावरून अक्षर ठरायचं. मावशी जन्मापासून अंध. सातव्या वर्षी शाळेत बाईंनी तिचं बोट धरून पहिल्या ओळीवरून फिरवलं, तेव्हा तिला वाटलं होतं की कागदाला काटा आलाय. दोन महिन्यांत त्या काट्याच्या गोष्टी झाल्या. एवढ्याशा सहा ठिपक्यांत जगातलं सगळं बोलणं कसं मावतं, हे आश्चर्य तिला त्या वयात वाटलं ते वाटलंच, आणि पन्नाशी उलटली तरी ते ओसरलं नव्हतं. लोक सवयीनं कोडगे होतात. मावशीला ते काही जमलं नाही.

कामाची तिची एक रीत होती. सकाळी साबणानं हात धुवायचे, सुती फडक्यानं कोरडे करायचे, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिमूटभर पावडर लावायची. डावं बोट ओळ धरून ठेवणार, उजवं वाचणार. गार बोटाला ठिपके नीट लागत नाहीत, म्हणून दुपार उतरून हवा गार झाली की ती टायपिस्टच्या टेबलावरच्या संगणकाच्या झाकणावर हात ठेवून शेकून घ्यायची. तो संगणक म्हणजे एक जुनाट लोखंडी पेटी होती. या छापखान्यासाठीच कुणा इंजिनिअरनं त्यात खास व्यवस्था करून दिली होती. तो इंजिनिअर कधीच नोकरी सोडून गेला, पेटी राहिली. नवी यंत्रं येऊन गेली, पण ठिपके मारणाऱ्या त्या अवजड प्रिंटरशी बोलणं एकालाही जमलं नाही. त्यामुळे पेटीचं चाललं होतं, आणि दुपारच्या वेळी ती शेगडीचंही काम करत होती.

टायपिस्ट सहा खटक्यांवर मजकूर चढवायचा, एका वेळी बारा पानं. सकाळी त्याची कच्ची प्रत निघे. मावशी ती वाचून चुका सांगे, तो दुरुस्त करे. जेवणानंतर सगळ्या प्रती छापून निघत, आणि संध्याकाळी पेटीतला तोच मजकूर फ्लॉपीवर उतरवून ठेवला जाई. कच्ची प्रत मग गठ्ठे बांधायच्या रद्दीत जायची. छापलेल्या प्रती पुन्हा कुणी वाचत नसे. एकदा मावशीचं बोट फिरलं की पुन्हा कशाला वाचायचं?

आणि मग भूगोलाचं पुस्तक परत आलं.

सोबत एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचं पत्र होतं. पुस्तकात एकेचाळीस चुका आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. उत्तर दिशेची 'उत्तल' झाली आहे, नदीची 'मदी'. मुलं आठवडाभर एकमेकांशी बोबडं बोलून हसत आहेत आणि वर्गात शिकवणं अशक्य झालं आहे. व्यवस्थापकानं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तो माणूस वाईट नव्हता. किल्ल्यांचा जुडगा वाजवत येरझाऱ्या घालायची सवय सोडली तर त्याचा कुणाला त्रास नव्हता. त्या दिवशी मात्र जुडगा वाजला नाही, आणि तेवढ्यावरूनच मावशीनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मी फ्लॉपी काढून पाहिली," तो म्हणाला. "त्यातही त्याच चुका आहेत. म्हणजे छपाईत काही झालेलं नाही. टायपिंगच चुकलंय."

"माझा पाचव्या ठिपक्याचा खटका मधे मधे बसत नाही," टायपिस्ट लगेच म्हणाला. "मी कबूल करतो. पण मावशी आहेत म्हणून मी कधी..."

पाचवा ठिपका. मावशीनं पुस्तक मागून घेतलं आणि पहिली चूक शोधली. 'र'मधला पाचवा ठिपका गळला की त्याचा 'ल' होतो, आणि 'न'चा 'म'. इथं तेच झालं होतं. तिनं आणखी चार चुका पाहिल्या. चारही ठिकाणी पाचवाच गेलेला. तिनं पुस्तक मिटलं आणि उजवा हात नकळत मांडीखाली घेतला.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी तिचं ते बोट भाजलं होतं. तिची धाकटी बहीण घरीच शिवणकाम करायची. दोघी एकत्र राहत. तापलेली इस्त्री नेहमीच्या जागेऐवजी बहिणीनं टेबलाच्या कडेला ठेवली आणि मावशीचा हात तिथं गेला. बोटाच्या टोकाला, उजव्या बाजूला, चांगलाच चटका बसला. पंधरा दिवस पट्टी होती. नंतर कातडी आली, पण तिथं ती जराशी जाड आली. आणि पाचव्या ठिपक्याची जागा कुठली, तर उजव्या रांगेत, मधोमध. बोट फिरवताना नेमकी त्या जाड कातडीखाली येणारी.

"मावशी," व्यवस्थापक अगदी हळू म्हणाला, "मी डॉक्टरांना सहज विचारलं होतं. ते म्हणाले, तिथं जर जाणवत नसेल, तर माणूस अंदाजानं भरून घेतो. तुमचा तर चौतीस वर्षांचा अंदाज. शब्द ओळखीचा असला की ठिपका नसला तरी तुम्हाला तो असल्यासारखा वाटत असेल."

आपल्याला काय जाणवत नाही, हे माणसाला जाणवणार तरी कसं?

"पहिल्या तारखेपासून तुम्ही बांधणीकडे बसा," तो म्हणाला. "पगारात काही फरक नाही. तपासायला दुसरं कोणीतरी बघतोय."

बांधणीचं काम हलकं नव्हे. तिथंही चांगली माणसं होती. पण मावशीला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. वाचणं सोडून तिच्याकडे स्वतःचं असं दुसरं काय होतं?

रविवारी सकाळी ती ते पुस्तक घेऊन अंगणाच्या पायरीवर बसली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. एकदा उजव्या बोटानं, एकदा डाव्या. डावं बोट संथ, पण त्याला इस्त्री लागलेली नव्हती. दोन्ही बोटांना एकेचाळीसच चुका लागल्या. मग ती बहिणीच्या बटणांचा डबा घेऊन बसली आणि बटणं जाडीप्रमाणे लावू लागली, फक्त बोटाच्या उजव्या कडेनं.

"काय चाललंय ताई?" बहिणीनं दारातून विचारलं.

"बटणं लावतेय."

"ती मी कालच लावलीयेत."

"नीट लावली नव्हतीस."

बहीण येऊन शेजारी बसली आणि तिनं मावशीचा तो हात हातात घेतला. "माझ्यामुळे झालं ना?" तिनं विचारलं. गेल्या वर्षभर ती हे विचारत होती, पण आजवर तोंडानं विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून तिनं इस्त्री कपाटाच्या माथ्यावर चढवून ठेवली होती, आणि शिवणकामाला लागली तरी मावशी बाहेर गेल्यावरच ती खाली काढायची. मावशीला हे ठाऊक होतं. इस्त्रीचा वास काही लपत नाही.

"अजून ठरलेलं नाही," मावशी म्हणाली. "एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. एकेचाळीस चुका, आणि सगळ्या पाचव्याच. खटका बसत नव्हता म्हणे. पण ह्या टायपिस्टनं आजवर एक पान असं दिलं नाही की ज्यात नाना तऱ्हेच्या चुका नाहीत. बाकीच्या सगळ्या मी पकडल्या, आणि तेवढ्या नेमक्या एकेचाळीस ठिकाणी मला झोप लागली होती?"

सोमवारी तिनं व्यवस्थापकाला गाठलं. "मला बांधणीकडे पाठवा, माझी ना नाही. पण माझ्या बोटाआधी एकदा त्या पेटीची तपासणी करा."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. सत्तरीचा म्हातारा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. असली जुनी यंत्रं उघडणारा आसपास तेवढा एकच उरला होता. तो आत आला की आधी त्याचे गुडघे वाजत, आणि मग त्याच्या कपड्यांतला, तारा जोडायला डाग देतानाच्या राळेचा वास पसरे. तो माणसांशी कमी आणि यंत्रांशी जास्त बोलायचा, त्यातही लाडानं. पेटी सुरू केली तर तिनं एकदा 'पी' असा आवाज केला. "ऐकलंत?" तो म्हणाला. "सुरू होताना ती आपली सगळी स्मृती मोजून घेते. एकदा वाजली म्हणजे सगळं जागेवर आहे."

"सकाळी विचारलंत म्हणून," मावशी म्हणाली. "माणूससुद्धा सकाळी ठीकच असतो. मी सकाळी वाचते, प्रती दुपारी निघतात. दुपारी विचारा."

मिस्त्री थांबला. मग हसला. "बाईंना यंत्राचं कळतंय म्हणायचं."

"यंत्राचं कळत नाही. टायपिस्टचं कळतं. तोही दुपारनंतर कामाचा राहत नाही."

त्यानं सोपा उपाय काढला. पेटीच्या स्मृतीत मावतील तेवढी बाराच्या बारा पानं भरून टाकायची, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी सहाही ठिपके. एकही जागा सपाट नाही. सकाळी एकदा छापायचं, दुपारी तीच पानं पुन्हा छापायची. मधल्या वेळात काही गळालं तर कळेल. त्यात शब्द नसल्यामुळे अंदाजानं भरून घ्यायलाही वाव नव्हता. हे ऐकून मावशीला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. म्हणजे आज यंत्राबरोबर तिच्या बोटाचाही निकाल लागणार होता.

सकाळची पानं बिनचूक निघाली. मग मिस्त्रीनं पेटीचं झाकण काढलं, आतल्या मुख्य पाटीवरची, म्हणजे मदरबोर्डवरची, वर्षानुवर्षांची धूळ मऊ ब्रशनं झाडली, आणि पेटीशी गप्पा मारत बसला. दुपारी दोन वाजता पानं पुन्हा छापली. मावशीनं हात धुतले, पुसले, पावडर लावली. बारा पानं वाचायला तिला तास लागला. सगळी खोली थांबून राहिली होती.

काही गळालं नव्हतं. एकही ठिपका नाही.

तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. व्यवस्थापक पानं प्रकाशात तिरकी धरून पाहत होता. ठिपक्यांच्या सावल्या पडतात, डोळस माणसालाही बघता येतं. "सगळे जागेवर आहेत मावशी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मावशीला मान्य करावं लागलं. तो म्हणाला, "आता राहू दे."

मिस्त्री अवजारं गोळा करू लागला. मावशी टेबलावरून उठली. दोन वेळची मिळून चोवीस पानं वाचून बोटं गार पडली होती. सवयीनं ती टायपिस्टच्या टेबलाशी गेली आणि शेकायला हात पुढे केला. हात अधांतरी गेला. मग पेटीच्या कडेला लागला. कड गार होती.

"ही गार का?" ती म्हणाली.

"झाकण काढलंय ना बाई. हवा लागतेय तिला."

"रोज ह्या वेळेला झाकणावर हात ठेवला तर चटका बसायचा बाकी असतो."

मिस्त्रीच्या हातातली अवजारं वाजायची थांबली. मग त्याचे गुडघे वाजले. तो खुर्चीवर बसला होता. "चाळीस वर्षं," तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी हाताखालच्या माणसांना ओरडत आलो. यंत्र उघडं टाकून तपासू नका, ते आपल्या घरात जसं असतं तसं तपासा. आणि आज मीच तिला वारा घालत बसलो." त्यानं झाकण उचललं आणि पेटीवर बसवलं. "साहेब, पाच वाजेपर्यंत थांबा."

व्यवस्थापक थांबला. किल्ल्या वाजू लागल्या. साडेचारपर्यंत झाकण असं तापलं की टायपिस्टनं त्याच्यावर ठेवलेलं फडकं उचलून मावशीच्या बोटांभोवती गुंडाळून दिलं. पुन्हा पानं छापली. तो प्रिंटर चालू झाला की सगळ्या इमारतीला कळे.

पहिल्या पानावर काही नव्हतं. दुसऱ्या पानावर, सातव्या ओळीत, बोट अडलं. नाही, बोट अडलं नाही. जिथं अडायला हवं होतं तिथं ते घसरलं. उजवी रांग, मधोमध. तिनं बोट मागे घेतलं, पुन्हा नेलं. सपाट. ती पुढे गेली. त्या पानावर आणखी एक. पुढच्यावर तीन. तिनं प्रत्येक जागा ओळ आणि अक्षर मोजून सांगितली आणि टायपिस्टनं ती लिहून घेतली. बारावं पान संपलं तेव्हा ती म्हणाली, "एकोणीस. सगळे पाचवे."

व्यवस्थापकानं पानं खिडकीशी नेली. आता तोही घाईत नव्हता. त्यानं एकेक ओळ तिरक्या उजेडात पाहिली, बोटांवर मोजलं. "सतरा," तो म्हणाला. "मावशी, सतराच आहेत."

दोन चुकले. जे दोन ठिपके आहेत ते तिच्या बोटाला लागलेच नव्हते? यंत्र चुकतं हे सिद्ध झालं, आणि बोटही चुकतं हे त्याच्या पाठोपाठ. तिला वाटलं की आता बसावं, पण खुर्ची कुठं आहे ते तिला आठवेना.

"कुठले दोन?" मिस्त्रीनं विचारलं. त्यानं टायपिस्टचा कागद घेतला, पानं घेतली, आणि खिशातून घड्याळजीसारखं डोळ्याला लावायचं भिंग काढलं. सहावं पान. ओळ अकरा, अक्षर तेवीस. मग नववं पान. तो इतका वेळ वाकून होता की त्याचा श्वास कागदावर ऐकू येत होता.

"साहेब, ह्या दोन ठिकाणी कागदाला गाठ आहे," तो म्हणाला. "लगद्याची बारीक गाठ. वरून बघितलं तर ठिपक्यासारखीच दिसते. नेमकी पाचव्याच्या जागी आलीय. पण मागून खड्डा नाही. ठिपका तिथं मारलेलाच नाही." त्यानं भिंग खाली ठेवलं. "एकोणीसच. मला भिंग लावून दिसलं ते ह्या बाईंना बोटानं कळलं. गाठ कुठली आणि ठिपका कुठला ते कळलं. त्या भाजलेल्या बोटानं."

टायपिस्टनं खुर्ची सरकवली आणि मावशी बसली. तिचा जीव भांड्यात पडला, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं रडू असं आलं की तिला आवरता येईना. ती दोन्ही हातांत तोंड धरून रडली. व्यवस्थापकानं किल्ल्या खिशात टाकल्या. "चूक माझी झाली," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण सगळ्यांसमोर म्हणाला.

मिस्त्रीनं पेटी बंद करून वायर काढली आणि झाकण पुन्हा उघडलं. "या बाई. तुमचा चोर बघायला या."

त्यानं आधी, अंगातली वीज उतरावी म्हणून, तिला हात पेटीच्या लोखंडाला लावायला सांगितलं, मग तो धरून आत नेला. पाटी कोमट होती. तिच्यावर लहानमोठे चौकोनी तुकडे बसवलेले, मधे मधे अरुंद वाटा. तिचं बोट त्या वाटांतून चालत गेलं आणि एका सरळ रांगेशी थांबलं. सारख्या मापाच्या, बारीक पायांच्या चिपा, एकीला लागून एक.

"ह्या आठ जणी म्हणजे तिची स्मृती," तो म्हणाला. "ज्यानं ही व्यवस्था केली त्यानं मोठी गंमत केलीय. प्रत्येक ठिपक्याला एक चिप. एक नंबरचे ठिपके सगळे एकीत, दोन नंबरचे सगळे दुसरीत. सहा कामाला, दोन रिकाम्या. तुम्ही पाचवा म्हणालात तेव्हाच मला कळलं, आता कुठं शोधायची गरज नाही. पाच नंबरची काढायची, झालं." तो चिमटा घेऊन एक चिप उपसू लागला.

मावशीचं बोट रांगेवरच होतं. तिनं डावीकडून मोजलं. "ही सहावी आहे."

"पाच लिहिलंय बाई."

"पहिलीवर काय लिहिलंय?"

मिस्त्रीनं पाहिलं. "शून्य," तो म्हणाला. टायपिस्टला हसू फुटलं. यंत्रवाले लोक शून्यापासून मोजतात आणि ठिपकेवाले एकापासून, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. फक्त मधल्या मधे एका निर्दोष चिपेची नोकरी जाणार होती. "एका दिवसात दोनदा," मिस्त्री पुटपुटला. त्यानं सहावी पुन्हा दाबून बसवली आणि पाचवी उपसली. ती मावशीच्या तळहातावर ठेवली. ती इतरांसारखीच कोमट होती, इतरांसारखीच गुळगुळीत. आपण सदोष आहोत असं तिनं वरून कुठंच जाणवू दिलं नव्हतं.

"हिला झालं काय?"

"हिच्या पोटात सोळा हजारांवर घरं आहेत."

"एवढ्याशात?"

"एवढ्याशात. प्रत्येक घरात थेंबभर वीज. थेंब असला तर ठिपका आहे, नसला तर नाही. पण घरं गळकी. सगळीच गळकी, बनवतानाच तशी बनवलेली. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळी रिकामी होतील. म्हणून यंत्र काय करतं, सारखं सगळ्या घरांतून फिरत राहतं. थेंब आहे का? आहे. मग पुन्हा भर. एका सेकंदात शेकडो वेळा. तुम्ही झोपा, जेवा, भांडा. पेटी चालू आहे तोवर ही घोकंपट्टी थांबत नाही."

मावशीनं चिप मुठीत धरली. इतकी वर्षं ती ज्या झाकणावर हात शेकत होती त्याच्या खाली हे चाललेलं होतं. तिला वाटायचं, मजकूर एकदा चढवला की तो आत कोरल्यासारखा बसून राहतो. तो बसलेला कधीच नव्हता. नदी, डोंगर, उत्तर दिशा, सगळं क्षणाक्षणाला विसरलं जात होतं आणि विसरायच्या आत पुन्हा सांगितलं जात होतं. आणि तरीही सकाळी तिच्या बोटाखाली ते अक्षर न् अक्षर बरोबर येत होतं. एकेचाळीस चुका झाल्या याचं तिला आता नवल वाटेना. इतक्या वर्षांत तेवढ्याच झाल्या, याचं वाटलं.

"मग चुकलं कुठं?"

"म्हातारपणी एकोणीस-वीस घरं जरा जास्त गळायला लागली. गार असताना निभावतं. तापली की यंत्र फेरी मारून येईपर्यंत रिकामी. आणि यंत्र प्रामाणिक. रिकामं दिसलं तर रिकामं म्हणूनच पुढे घोकत राहतं."

"म्हणजे विसरली हेही तिला कळत नाही," मावशी म्हणाली. "बाहेरून कुणीतरी वाचायला लागतं."

"हो," मिस्त्री म्हणाला. "कुणीतरी वाचायलाच लागतं."

त्यानं आपल्या डब्यातली जुनी पण धडधाकट चिप त्या जागी बसवली. दुसऱ्या दिवशी, झाकण लावून, साडेचारला, बारा पानं. मावशीनं वाचली. एकही ठिपका गळाला नव्हता. मिस्त्रीनं निघताना पेटीच्या झाकणावर थोपटलं आणि मावशीला नमस्कार केला, तोही दोन्ही हात जोडून, तिचा हात आपल्या जोडलेल्या हातांवर ठेवून, म्हणजे तिला तो कळावा. ती चिप त्यानं परत घेतली नाही.

घरी आली तेव्हा बहीण शिवत होती. मावशीनं सगळं सांगितलं नाही. तिला ते नीट जमेना. मधेच हसायला येत होतं. तिनं बटणांचा डबा मागितला, त्यात ती चिप टाकली आणि डबा मिटला.

"काय गं टाकलंस?"

"पाचवा ठिपका. हरवला होता, सापडला." मग ती उठली, कपाटापाशी गेली आणि वर हात केला. तिचा हात पोचत नव्हता. "ती इस्त्री खाली काढ," ती म्हणाली. "उद्या मला कामावर जायचंय, साडीला घड्या पडल्यात. आणि ठेवताना आपल्या जागेवर ठेव. माझ्या बोटाला काहीही झालेलं नाही."

बहिणीचं शिवणयंत्र थांबलं. मग तिनं स्टूल ओढलं, वर चढली, आणि तिथं उभी राहूनच रडू लागली.

"रड नंतर," मावशी म्हणाली. "आधी खाली उतर. आणि इस्त्री माझ्या हातात दे."